सगळ्यात मोठी, तिचा नर

या पोरांनो, बसा. काचेवर टकटक मात्र करायची नाही. तो शेंदरी मासा दिसला? अंगावर काळे उभे पट्टे, मागच्या परांना निळी किनार. तो फ्लेम एंजल. एंजल माशांच्या कुळात दीड-दोन फुटी धेंडंही असतात. हा त्यांतला बुटका, पुरा वाढला तरी माझ्या बोटाएवढा. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरासं वर, किरिबाटी देशाचं किरितिमाती नावाचं प्रवाळबेट आहे. तिथले कितीतरी फ्लेम एंजल विमानात बसून लोकांच्या टाक्यांत जातात. मी अजून परदेशी विमानात बसलेलो नाही!

आता त्याचा गाल बघा. कल्ल्याच्या झाकणाखाली मागे वळलेला काटा आहे ना? ती या कुळाची खूण. फुलपाखरू मासे दिसायला असेच, पण त्यांना हा काटा नसतो. म्हणून तुझे बाबा याला जाळीनं धरत नाहीत, चिनू. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. ते त्याला हळूहळू प्लॅस्टिकच्या मगात हाकतात.

दिवसभर त्याचं एकच काम, दगडावरचं शेवाळ टिपणं. म्हणून दगड चांगले मुरलेले, शेवाळलेले हवेत. कालच पाणी भरलेल्या टाकीत हा उपाशी राहतो. कधी त्याची नजर प्रवाळावरही जाते. ‘आमचा मासा प्रवाळाला तोंड लावत नाही’ असं दुकानदार छातीठोक सांगतो, पण ते माशाला कोणी सांगितलेलं नसतं.

खरी गंमत पुढे आहे. हा आज नर आहे, पण जन्मला तेव्हा नर नव्हता. फ्लेम एंजल आधी माद्या म्हणूनच वाढतात. खडकाच्या एका कोपऱ्यात एक नर आणि त्याच्या तीन-चार माद्या असा संसार असतो. नर दिवसभर प्रत्येकीकडे फेरी मारतो, दटावतो. एखाद्या दिवशी त्याला मोठ्या माशानं गिळलं, की माद्यांतली सगळ्यात दांडगी त्याची जागा घेते. वागणं लगेच बदलतं, ती बाकीच्यांना दटावायला लागते. मग काही आठवड्यांत पोटातली अंडी तयार करणारी ग्रंथी बदलून शुक्रपेशी तयार करायला लागते. मादीचा नर झाला!

म्हणून बाबांनी जोडी आणताना नर-मादी शोधत वेळ घालवला नाही. एक मोठा मासा, एक लहान, असे दोन आणले. पुढचं त्यांनी आपापसात ठरवलं.

संध्याकाळी दिवे मंदावले की बघायचं. नर मादीभोवती फिरतो, तिच्या पोटाला तोंड लावतो, दोघं थोडे वर चढतात आणि क्षणात अंडी सोडून खाली पळतात. अंडी तरंगतात, दिवसभराच्या आत फुटतातही. पण आपल्याकडे त्यांना पंप ओढून घेतो. वाचली तरी पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस धड तोंडच नसतं, आणि ते आल्यावर इतकं बारीक खाणं लागतं की घरी जमत नाही. हवाईत फ्रँक बेन्श या माणसानं या शतकाच्या सुरुवातीला समुद्रातल्या कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जिवांची पिल्लं खायला घालून अशी पोरं वाढवली. एवढी चिकाटी माझ्यात नाही.

काय गं ताई? एकदा नर झाला की कायमचा नर? मलाही तसंच वाटायचं. पण जपानी संशोधकांनी २००३ मध्ये याच्याच एका भाऊबंदाबद्दल सांगितलं की दोन नर एकत्र ठेवले, तर त्यातला लहान पुन्हा मादी होऊ शकतो. नाही चिनू, आपल्या टाकीत आणखी एक नर सोडून बघायचं नाही. समुद्रात हरलेल्याला पळायला अख्खा खडक असतो. इथे दोनशे लिटर पाण्यात तो कुठे जाणार? त्याची मादी होईपर्यंत मोठा त्याचे पर फाडून टाकेल.