लेकीच्या घरातील संकोच आणि आईचे आरोग्य

विवाहित मुलीच्या घरी फार दिवस राहू नये, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. लेकीच्या घरचे पाणीही वर्ज्य मानणाऱ्या संस्कारात वाढलेल्या माता आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. दुसरीकडे, साखरा व सेनगाव तालुक्यातील इतर गावांमधून मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथे स्थायिक झाली. गावी एकट्या उरलेल्या आईला पुष्कळदा लेकच आपल्याकडे नेते. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र आईच्या मनातील संकोच तिच्या प्रकृतीला अपाय करतो, हे कुटुंबीयांच्या ध्यानात सहसा येत नाही.

रात्री उठावे लागू नये, दिवा लावून जावयाची झोपमोड होऊ नये, म्हणून ती संध्याकाळपासून पाणी पिणे टाळते. वयोमानाने तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. परिणामी बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर उठताच चक्कर येऊन पडण्याचा व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग झाल्यावर ताप येईलच असे नाही. आई एकाएकी असंबद्ध बोलू लागते, माणसे ओळखत नाही किंवा दिवसभर ग्लानीत राहते. घरचे म्हणतात, 'शहर मानवले नाही', 'वय झाले'. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवलेला असा गोंधळ हा विस्मरणाचा नेहमीचा आजार नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण सापडल्यास तो बहुधा बरा होतो.

संकोचाचा दुसरा परिणाम औषधांवर होतो. लेकीला खर्च नको म्हणून रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. उलटपक्षी, गावच्या डॉक्टरांच्या गोळ्या पिशवीत असतानाच शहरातील डॉक्टर नव्या लिहून देतात आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जाते. यासाठी गावाहून आणलेल्या पुड्या, काढे व वेदनाशामक गोळ्यांसह सर्व औषधे एकाच डॉक्टरांसमोर मांडावीत, त्यांची एकच यादी करावी आणि रक्तदाब झोपलेल्या व नंतर उभ्या स्थितीत मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो.

शहरही झपाट्याने बदलत आहे. जुने वाडे व बंगले पाडून उंच इमारती उभ्या राहतात, शेजार टिकत नाही, रस्ता ओलांडणे अवघड होते. गावच्या ओट्यावर दिवसभर माणसांत असलेली आई येथे बंद दारामागे बसून राहते आणि पायांतील बळ झपाट्याने ओसरते. म्हणून तिला रोज ठरावीक वेळी कोणाच्या तरी सोबतीने चालवावे. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या करणे अशी कामे आपुलकीने तिच्याकडे सोपवावीत. तिच्या पेन्शनमधून थोडे पैसे घरात खर्च करण्याची तिची इच्छा असेल, तर नाकारू नये. त्याने ओशाळलेपण कमी होते. शौचालयाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा आणि आत आधाराची दांडी असावी.

कायद्याने सांभाळाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवरही आहे. वडिलांच्या पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच विवाहित मुलीवरील ही जबाबदारी मान्य केली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही 'अपत्य' या शब्दात मुलगी येते. तरीही एकटी लेक रात्री जागून व दिवसा नोकरी करून लवकर थकते. तिची झोप आणि तिचा स्वतःचा रक्तदाब हेदेखील आईच्या आरोग्याचेच भाग आहेत. भावांनी वर्षातील काही महिने किंवा खर्चाचा वाटा उचलावा. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. हे कार्ड काढून ठेवावे. पंचाहत्तरीपुढील आईला राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, लेकीला अर्धे तिकीट आहे. अधूनमधून गावी नेऊन आणावे.

'आई, काही त्रास आहे का?' असे विचारल्यास 'नाही गं' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी, 'आज लघवीला किती वेळा गेलीस? रंग गडद होता का? पोट साफ झाले का? उठताना अंधारी आली का?' असे नेमके विचारावे. पाण्याची बाटली सकाळी भरून तिच्या हाताशी ठेवावी व त्यातील बरेचसे पाणी सायंकाळपूर्वीच संपेल असे पाहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ उपलब्ध आहे.