पावलं गोठ्यापर्यंत जातात

लातूर-नांदेडकडं दारावरच्या, गोठ्यातल्या खुणांचा अर्थ विचारला, की ‘शुभ असतं’ एवढंच ऐकायला मिळतं. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. खूण कुठल्या दिवशी, कुठल्या जागी आणि कशानं काढली, हे पाहिलं की ती बोलू लागते.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची पावलं घ्या. बाई मूठ वळते, करंगळीकडची बाजू कालवलेल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवते, वर बोटानं पाच ठिपके देते. झालं पाऊल! दारातून निघालेली ही पावलं स्वयंपाकघर, धान्याची कणगी, गोठा असं सगळं घर दाखवत लक्ष्म्यांच्या जागेवर पोचतात. एकही पाऊल बाहेर वळत नाही. लक्ष्मी म्हणजे नुसता पैसा असता, तर तिला गोठ्यात कशाला नेलं असतं? जनावर आणि दाणा हीच इथली दौलत.

मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसेला, घरातल्या खुणा रानात जातात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात चुना आणि काव लावलेले पाच दगड बसतात. हे पांडव. पूजा झाली की उभ्या ज्वारी-हरभऱ्यात आंबील शिंपडायची, मग भज्जीच्या, म्हणजे मिसळ भाजीच्या, पंगती. पिकाच्या मधोमध एक दिवसापुरतं घर मांडलेलं असतं, आणि त्याला घराचाच रंग लागतो.

घराच्या भिंतींवरचा हा रंग टिकाऊ नव्हता. पांढऱ्या मातीचा पोतारा सणासुदीला नव्यानं द्यावा लागे, खुणा पुन्हा काढाव्या लागत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळली, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या भिंतींचा मोह कुणी धरू नये. पुढं ५२ गावं नव्या जागी वसली.

नव्या घरांच्या सिमेंटच्या भिंतीला पोतारा लागत नाही, आणि पावलं आता बाजारात स्टिकरच्या रूपात मिळतात. ती दारापासून देवघरापर्यंत चिकटतात आणि वर्षभर तशीच राहतात. मला यात खटकतं ते प्लॅस्टिक नव्हे, तुटलेली वाट खटकते. लोककलेची नोंद करणारे आकृतीचा फोटो काढून थांबतात. पाऊल कुठून निघालं, कुठल्या खोलीत शिरलं, गोठ्यात गेलं की नाही, हेही त्यांनी लिहून ठेवायला हवं.