पाटी लावण्याआधीचं वर्ष

बीडीएसची इंटर्नशिप संपली आणि राज्य दंत परिषदेत नोंदणी झाली, की कुठल्याही गावात दवाखाना थाटून दाढा काढायला कायद्याची आडकाठी नसते. आधी कुणाच्या हाताखाली काम केलं, हे कुणी विचारत नाही. नवे पदवीधर कच्चे असतात ही तक्रार जुनी आहे आणि तिचा रोख बहुधा मुलांच्या मेहनतीवर किंवा खासगी कॉलेजांवर असतो. मला उणीव दिसते ती शिक्षण आणि स्वतंत्र व्यवसाय यांच्या मधल्या टप्प्याची.

इंटर्नशिप आहेच की, असं कुणी म्हणेल. २००७च्या नियमावलीतली तिची वाटणी पाहा. बारा महिन्यांपैकी तीन सार्वजनिक दंतआरोग्याला, दीड मुखशल्यचिकित्सेला आणि जिथे रूट कॅनाल शिकायचा त्या विभागाला एक. पुढच्या, एका मुळाच्या दाताचा रूट कॅनाल वेगळा आणि वरच्या पहिल्या दाढेचा वेगळा. तिला सहसा तीन मुळं असतात, शिवाय चौथी बारीक नळी बऱ्याचदा लपलेली असते. ती सुटली तर दुखणं काही महिन्यांनी पुन्हा उद्भवू शकतं. वाकड्या नळीत ती साफ करायची फाइल तुटली तर ती काढायची की तशीच ठेवून पुढे जायचं, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. एमडीएसचा, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजात अशी केस साहजिकच त्या विद्यार्थ्यांकडे जाते. जिथे ओपीडीच ओस, तिथे केसेसचा कोटा कसाबसा भरणं हेच काम होऊन बसतं. दवाखान्यात येणारा रुग्ण मात्र सोपा दात निवडून किडवत नाही.

ब्रिटनमधल्या पाहण्यांतही हेच दिसतं: संवाद आणि साधे उपचार यांत नव्यांची तयारी बरी, दाढेचा रूट कॅनाल, शस्त्रक्रियेने दात काढणं यांत कमी. पण तिथे पदवीधराला सगळं यावं ही अपेक्षाच नसते. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत काम करायचं, तर आधी एक वर्ष अनुभवी दंतवैद्याच्या दवाखान्यात पगारी प्रशिक्षण घ्यावं लागतं. १९९३पासून ते सक्तीचं आहे. न्यूयॉर्क राज्यानेही २००७पासून परवान्यासाठी रेसिडेन्सी आवश्यक केली आणि प्रात्यक्षिक परवाना परीक्षा बंद केली.

आपल्याकडे २०२३च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने परवान्यासाठी ‘नेक्स्ट’ परीक्षेची तरतूद केली. तिने देशभर एक किमान पातळी ठरेल, हे मान्य. पण कुठे थांबावं आणि रुग्ण कधी तज्ज्ञाकडे पाठवावा, ही समज एका परीक्षेत मोजणं अवघड. उलट धोका असा, की नीट-एमडीएस या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत इंटर्नशिपचे महिने जातात, तसे क्लिनिकचे आणखी तास क्लासला जातील.

असा मधला टप्पा आणण्यावरचा खरा आक्षेप पैशाचा आहे. इतकी वर्षं फी भरलेल्या घराला आणखी एक वर्ष कसं परवडावं? म्हणून वर्ष वाढवू नये. इंटर्नशिपचे शेवटचे सहा महिने कॉलेजबाहेर न्यावेत. मान्यताप्राप्त खासगी दवाखाने आणि दंतशल्यचिकित्सक असलेली उपजिल्हा रुग्णालयं यासाठी चालतील. नोंदवहीत केलेल्या केसेसइतक्याच पुढे पाठवलेल्या केसेसही लिहाव्यात. आजही अनेक नवे पदवीधर एखाद्या ज्येष्ठाकडे तुटपुंज्या पगारावर राबतातच. तिथे शिकवलं जातं की नुसतं राबवलं जातं, हे तपासणारं कुणी नाही. अर्थात अशी व्यवस्था आणायची म्हटली, की विद्यावेतन कॉलेजने द्यायचं, दवाखान्याने की सरकारने, यावरच आधी भांडण होईल. माझ्या मते ते फी घेणाऱ्या कॉलेजने द्यावं.