मासे चढतायत, बॉस!

रत्नागिरीच्या पऱ्यांतली वर्षातली हॅपनिंग नाइट आउट. टायमिंग मात्र पाऊस ठरवतो!

जूनचा पहिला पाऊस म्हणजे आपल्या ऑफिसात कांदाभजी आणि ट्रॅफिक जॅमच्या गप्पा. आमच्या रत्नागिरीकडे मात्र लोक बॅटरी आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळं, शोधायला लागतात. चढणीच्या माशांचा सीझन सुरू!

सगळा खेळ हवामानाचा. भुरभुर पावसाला मासे भाव देत नाहीत. दोन-तीन तास कोसळायला हवा. जांभ्याचा सडा भिजला की पाणी खाली सोडतो आणि कोरडा पऱ्या लाल होऊन धावू लागतो. पाणी वाढलं, गार आणि गढूळ झालं की नदीतल्या माशांना सिग्नल मिळतो. अंडी घालायला ते प्रवाहाच्या उलट, उड्या मारत थेट भातशेतापर्यंत चढतात. तिथे पाणी संथ आणि पिल्लांना खाऊ भरपूर.

हा सिग्नल भलताच पॉवरफुल. तळ्यात पाळलेले रोहू-कटला तो मिळाल्याशिवाय अंडीच घालत नाहीत. 1957मध्ये हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन पावसाचं हे काम करून दाखवलं.

माझा मामा वेदर अ‍ॅप बघत नाही. रात्री अंगणात उभा राहून पऱ्याचा आवाज ऐकतो. ‘पऱ्या आला. येतोस काय?’ एवढंच विचारतो. पाऊस थांबला की पाणी ओसरतं, म्हणून हातात काही तासच असतात.

पण इथेच गोची आहे. चढणारी मासळी अंड्यांनी भरलेली असते. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवून मासळीला सवड देतात. पऱ्याच्या तोंडालाच जाळं लावलं, तर एका रात्रीत पुढच्या वर्षांची मासळी संपते. काही महाभाग तर ब्लीचिंग पावडर टाकतात, करंट सोडतात. त्यात पावसाचाही भरवसा नाही. 2025मध्ये तो मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात हजर झाला. असा लवकर येऊन त्याने दडी मारली, तर शेतातलं पाणी आटतं आणि अंडी वाळून जातात.

तेव्हा या जूनमध्ये गावी जाणार असाल, तर मामाचा नियम पाळा: चढणाऱ्या माशाला वाट द्यायची, पाग टाकायचा तो अंडी घालून परत उतरणाऱ्यावर. तिखलं तेव्हाही झकासच होतं!