दोन मोठी माणसं

वर्गाच्या दाराखाली एक वीट सरकवलेली असते. महामार्गाकडून वारा सुटला तरी दार लागू नये म्हणून. चिंचोळी एमआयडीसीच्या कडेला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेपलीकडे संध्याकाळी भरणारा हा अभ्यासवर्ग. आत फळा, दोन सतरंज्या, एक पंखा. उन्हाळ्यात तो पंखा म्हणजे नुसता आवाज. नव्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी सांगितलं जातं ते पाढे कसे घ्यायचे हे नव्हे. वीट काढायची नाही, एवढंच.

सोलापूर-पुणे रस्त्यालगतची ही वसाहत मोहोळ तालुक्यात येते. इथल्या कामगारांत मोहोळ-सोलापूरकडचे आहेत तसे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेलेही. आई-बाप दोघंही शिफ्टला गेले की खोलीत दहा-अकरा वर्षांची ताई आणि तिच्या राज्यात दोन-तीन धाकटी. शेजारची खोली एकट्या राहणाऱ्या पुरुषांची, नळ सगळ्यांचा एक, संडासला जायचं तर रांगेच्या टोकाला. अशा ठिकाणी मुलांसाठी तासभर उजेडाची, शिस्तीची जागा हवी, हे कुणाला पटवावं लागत नाही. पटवावं लागतं ते त्या जागेचे नियम, आणि तेही वाईट माणसांना नव्हे, चांगल्यांना.

शिकवायला येणारे बहुतेक कॉलेजची मुलं-मुली, जोडीला कंपनीतले एक-दोघं. प्रशिक्षणाच्या दिवशी मी मागे बसून होते. शिकवणाऱ्या मॅडम समुपदेशनातल्या, बोलणं सोलापुरी, आडपडदा नाही. पहिला नियम : मूल आणि एकटा मोठा माणूस अशी जोडी कधीच नाही, मोठी माणसं कायम दोन. दुसरा : कुणालाही गाडीवर डबलसीट घरी सोडायचं नाही. इथं एक पोरगा उसळला. “अंधार पडल्यावर एवढीशी पोरगी एकटी पाठवायची होय मॅडम? माझ्या बहिणीसारखी आहे ती.” मॅडम म्हणाल्या, “तू चांगलाच आहेस रे. पण उद्या दुसरा कुणी गाडी घेऊन येईल आणि सर सोडतात तसंच मी सोडतो म्हणेल, तेव्हा तिला फरक कसा कळायचा?” मग ठरलं : मुलं घोळक्यानं निघायची, सोबत दोघं चालत जायचे.

मला ही मांडणी पटली. आपल्याकडे सुरक्षिततेचा विषय निघाला की अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, किंचित जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. ‘आपलीच माणसं आहेत’ हे वाक्य वस्तीत जामिनासारखं चालतं. नियम आहेत ते या वाक्यासाठी. ते कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवत नाहीत, चारित्र्य जोखायची वेळच येऊ देत नाहीत.

फोटोंवर मॅडम फार वेळ बोलल्या नाहीत. मी मात्र बोलणार. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून दप्तरं वाटायला पाहुणे येतात, मुलांना ओळीत उभं करतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे चेहरे, शाळेचं नाव आणि वस्ती पन्नास व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. कोणतं मूल कुठं राहतं आणि त्याचे आई-बाप घरी नसतात, हे शोधणाऱ्याला याहून सोपं काय करून द्यायचं? या वर्गात आता दप्तरांचा फोटो निघतो, मुलांचा नाही. त्यावरून एक देणगीदार रुसला म्हणे. रुसू दे.

दुपारनंतर सराव. मॅडम नऊ वर्षांची मुलगी झाल्या, समोर एक विद्यार्थिनी. “ताई, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?” “नाही गं, शप्पथ,” ती पटकन म्हणाली. मॅडमनी तिथंच थांबवलं. ही शप्पथ पाळता येत नाही. मोडली की ते मूल पुन्हा कुणाजवळ तोंड उघडणार नाही. मग काय म्हणायचं? “तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत करायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल.” पुढच्या फेरीत दुसरीनं विचारलं, “मग तू ओरडली का नाहीस?” पुन्हा थांबवलं. कोण, कुठं, किती वेळा, हे खोदायचं नाही. तपास पोलिसांचा. आपण जे कानावर पडलं ते मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहायचं. मुलानं ‘काका शू-शूच्या जागी’ म्हटलं असेल तर वहीत तेच, आपलं शुद्ध मराठी नको. आणि ज्याचं नाव घेतलं त्याला जाऊन जाब तर मुळीच विचारायचा नाही. वर्गातल्या तरुण मुलांना सगळ्यात जड गेलं ते हेच.

कायदा मॅडमनी शेवटी सांगितला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर वर्षापर्यंत. “आणि खोटं निघालं तर?” मागून प्रश्न आला. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा रंगवलेला आहे, मुलांनाही दिसेल असा.

कागदावर हे सरळ दिसतं. इथली अडचण वेगळी. नाव मुकादमाचं किंवा खोलीमालकाचं निघालं, तर काम आणि छप्पर एकदम जातं. मग घरचे मुलीलाच गावी पाठवतात आणि विषय मिटला म्हणतात. म्हणून हजेरीपटात गैरहजर मुलासमोर नुसती फुली मारत नाहीत. गावी गेलं असेल तर कोणाबरोबर गेलं, हे विचारून तेही लिहितात.

पोलीस पडताळणीचा अर्ज पुढं केल्यावर काही जण पुन्हा आले नाहीत. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेनं कर्मचाऱ्यांची अशी पडताळणी वेळोवेळी करायची, असं २०२० च्या पॉक्सो नियमांतच आहे. शिकवायला फुकट येणाऱ्यालाही या वर्गानं तोच नियम लावला. गेलेल्यांत वाईट कुणी होतं असं नाही, चौकीची पायरी नको एवढंच असेल. पण माणसं कमी झाली. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या संध्याकाळी एकच कार्यकर्ता हजर असतो, आणि मग वर्ग भरत नाही. मुलं परत त्याच खोल्यांत जातात, जिथून त्यांना तासभर बाहेर काढायचं होतं. यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. एकट्यानं घ्यावा का वर्ग, दार तर उघडंच असतं? मॅडमनी ऐकलं नाही. आता शिफ्ट नसलेल्या दोन आयांना मानधन देऊन दुसऱ्या माणसाच्या जागी बसवायचं ठरतंय. पडताळणीचे अर्ज त्यांचेही भरून घेतले आहेत.