गांजाचे गावरान वाण आणि घरची कुंडी

आजचा विषय कुटुंबांत मोकळेपणानें निघणारा नव्हे. परंतु तो निघत नाहीं म्हणूनच त्याविषयीं नाना गैरसमज पसरतात. एका पदवीधर तरुणानें अलीकडे मला विचारलें, "गुरुजी, हिमालयांतील भांगेचें गावरान बीं मागवून गच्चीवरच्या दोन कुंड्यांत लावलें, तर बिघडलें कोठें?" त्याच्या मनांत व्यसन नव्हतें. जुने देशी वाण नाहींसे होत आहेत, ते राखावे, एवढाच त्याचा हेतु होता. हेतु भला असल्यामुळें नुसतें 'नको' म्हणून त्यास वाटेस लावणें मला बरें वाटलें नाहीं.

वाण म्हणजे काय, हें भंडाऱ्याच्या माणसास शिकवावें लागत नाहीं. हिरानखी, लुचई, काळी कमोद, चिन्नोर हीं नांवें आमच्याकडे धानाच्या बांधीवर लहान पोरेंही घेतात. एकाच मातींत आणि एकाच पाण्यावर पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यानें निवडीत आणलेलें जें बीं, तो गावरान वाण होय. त्यांतील सगळीं रोपें एका साच्याचीं नसतात. कांहीं उंच, कांहीं ठेंगणीं, कांहीं चार दिवस आधीं निसवणारीं. ह्या वेगळेपणामुळेंच वाईट वर्षींही त्यांतील कांहीं तग धरतात. धानाचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें. त्यामुळें शेजारच्या बांधींत दुसरें धान असलें तरी घरचें बीं फारसें बिघडत नाहीं.

भांगेच्या झाडाचा स्वभाव ह्याच्या अगदीं उलट आहे. त्याचीं नर आणि मादी झाडें सामान्यतः निरनिराळीं असतात, आणि नराचा पराग वाऱ्यावर कित्येक मैल जातो. ह्याच झाडाचीं पानें ती भांग, मादीचे फुलोरे तो गांजा, आणि त्यावरील चिकट राळ ती चरस. लिनियसनें 1753 सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें; लामार्क ह्या फ्रेंच पंडितानें 1785 सालीं हिंदुस्थानांतून गेलेल्या नमुन्यांवरून हिंदी झाडाची निराळी जात मानली. ती निराळी मानावी कीं नाहीं, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत अद्यापि मिटलेला नाहीं.

हिमाचलांतील मलाणा, केरळांतील इडुक्की हीं नांवें ऐकून बियाणें मागविणारे एक गोष्ट विसरतात. तें नांव बियाइतकेंच जागेचेंही असतें. डोंगराची उंची, थंडी, पावसाचे महिने, दिवसाची लांबी ह्या सर्वांनीं मिळून तो वाण घडविलेला असतो. ह्या झाडाचें फुलणें दिवस लहान होण्यावर अवलंबून असल्यानें एका अक्षांशाचें झाड दुसऱ्या अक्षांशावर आपलें वेळापत्रकच हरवून बसतें. शिवाय जातिवंत वाण टिकवावयाचा तर शेंकड्यांनीं झाडें एकत्र असावीं लागतात आणि परका पराग दूर ठेवावा लागतो. दोन कुंड्यांवरून वाण राखूं म्हणणें म्हणजे दोन माणसें पाहून गांवाची खानेसुमारी लिहिण्यासारखें आहे.

आतां थोडा इतिहास. गोव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें 1563 सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत भांगेवर एक प्रकरण लिहिलें आहे. इंग्रजी अमदानींत भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता. त्या प्रांताचा गांजा निमाड जिल्ह्यांतील खांडवा तहसिलींत सरकारी देखरेखीखालीं पिकविला जाई. मुंबई इलाख्यांत ह्या पिकासाठीं अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, प्रसिद्ध होता. तेव्हां 'पूर्वीं कोणीही परसांत लावीत असे' हें जें सांगण्यांत येतें, तें आमच्या प्रांतापुरतें तरी खरें नव्हे. सरकारास त्यापासून उत्पन्न होतें, आणि उत्पन्नाचें झाड कोणतेंही सरकार मोकळें सोडीत नाहीं!

1893 सालच्या मार्च महिन्यांत केन नांवाच्या सभासदानें विलायतच्या पार्लमेंटांत ह्या विषयावर प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षीं मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी कमिशन नेमण्यांत आलें. त्यानें 1193 साक्षी घेतल्या. त्यांतला एक भाग प्रत्येक शिक्षकानें वाचावा असा आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरांत 'वेडाचें कारण : गांजा' अशा नोंदी पुष्कळ होत्या. कमिशननें एकेक नोंद उलगडून पाहिली, तेव्हां त्यांतील कित्येक पोलिसांच्या कागदावरून कारकुनानें जशाच्या तशा उतरलेल्या निघाल्या. रोग्याच्या घरीं कोणी विचारपूस केलेलीच नव्हती. कमिशनचा निष्कर्ष असा पडला कीं, बेतानें सेवन करणारांचें सामान्यतः फारसें नुकसान होत नाहीं, अतिसेवन अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदीपेक्षां नियंत्रण बरें.

हा अहवाल पुढें करून आज पुष्कळजण वाद घालतात. त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्या काळीं ह्या झाडांतील मादक द्रव्याची ओळख कोणास नव्हती. तें शुद्ध रूपांत वेगळें काढून त्याची रचना इस्राएलांत मेकूलम आणि गाओनी ह्यांनीं 1964 सालीं ठरविली. आणि कोवळ्या वयांत नित्य सेवन सुरू केलें असतां चित्तभ्रमाचा धोका वाढतो, हें अलीकडच्या अभ्यासांतून पुढें आलें आहे. त्या कमिशनला अहवाल देऊन सव्वाशे वर्षें उलटून गेलीं.

आतां कायदा. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारतानें 1985 सालीं अमली पदार्थांचा कायदा केला. तो त्या वर्षाच्या 14 नोव्हेंबरपासून अमलांत आहे. त्यांत 'गांजा' ह्या शब्दाच्या व्याख्येंतून फुलोऱ्याशिवायचीं पानें आणि बीं वगळलीं आहेत. एवढें वाचून शहाणीं माणसेंही फसतात. त्यांस वाटतें, पानें वगळलीं तर झाड लावण्यास हरकत काय? परंतु त्याच कायद्यांत 'झाडाची' व्याख्या निराळी दिली आहे, आणि परवान्यावांचून तें झाड लावणें हाच मुळीं स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षेंपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. एक झाड कीं शंभर, शेत कीं कुंडी, असा भेद त्या कलमांत नाहीं. जवळ बाळगलेल्या गांजास वजनाप्रमाणें कमीअधिक शिक्षा आहे, तोच नियम झाडास लागतो असें मात्र समजूं नये. भांगेच्या पानांवर आमच्या राज्यांत 1949 चा दारूबंदी कायदा आहे तो वेगळाच.

आणखी एक कलम वडीलधाऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. आपल्या घरांत असा गुन्हा चालला आहे हें ठाऊक असून जो घरमालक तो चालूं देतो, त्यालाही तीच शिक्षा सांगितली आहे. मुलाची हौस आणि बापाची गच्ची, दोन्हीं एकाच खटल्यांत येऊं शकतात. नोकरी लागण्याच्या वयांत असा खटला अंगावर येणें म्हणजे काय, हें मीं वेगळें सांगावयास नको.

मग वाण राखावे कोणी? कायद्यानें राज्य सरकारांस परवाने देण्याची मुभा ठेवली आहे. धाग्याच्या आणि बियांच्या उपयोगाकरितां उत्तराखंड राज्यानें 2018 सालीं प्रथम असा परवाना दिला. तेथें मादक द्रव्य शेंकडा 0.3 हून अधिक असलेलें झाड चालत नाहीं. जम्मू येथील सरकारी संशोधनसंस्था औषधाच्या दृष्टीनें ह्या झाडाचा अभ्यास करीत आहे. परदेशी संकरित बियांचा पराग डोंगरांतल्या जुन्या झाडांत मिसळत असल्याची त्या तरुणाची काळजी निराधार नाहीं. पण तिचें काम परवाना, मोकळें रान आणि बीजकोठार असलेल्या संस्थांचें आहे.

ज्यांना गावरान बीं राखण्याचीच हौस आहे, त्यांनीं अंबाडी लावावी असें मी त्या तरुणास सांगितलें. अंबाडीच्या एका जातीचें शास्त्रीय नांवच 'भांगेसारखी' ह्या अर्थाचें आहे, कारण तिचीं पानें तशीं फाटलेलीं दिसतात. पण भांगेचें पान स्वतंत्र पत्रकांचें असतें, अंबाडीचें पान कितीही कातरलेलें असलें तरी देठाशीं एकसंध असतें, चवीस आंबट लागतें, आणि तिचें फूल मोठें, पिवळसर, मध्यें गर्द तांबडें असतें. भांगेचें फूल डोळ्यांत भरण्याइतकें मोठें नसतेंच. अंबाडी बहुतेक आपल्याच परागानें फळत असल्यामुळें दोनचार झाडांतही बीं जातिवंत राहतें. आषाढांत टाकलेली अंबाडी श्रावणापासून भाजीस येते. बियांसाठीं राखावयाच्या झाडांचे शेंडे मात्र खुडूं नयेत. बोंडें झाडावरच वाळूं द्यावींत, हातानें चोळून बीं काढावें, आणि चुलीची राख मिसळून कोरड्या बरणींत ठेवावें.