परमुलखांत चार शब्द

परदेशीं निघालेला गृहस्थ कपडे, पासपोर्ट आणि पैसा यांची तजवीज महिनाभर आधीं करतो. भाषेचा विचार मात्र विमानांत बसल्यावर करतो. इंग्रजी येतें, मग अडतें कोठें, असा त्याचा समज असतो. जपानसारख्या देशांत हा समज फार काळ टिकत नाहीं. विमानतळावर आणि मोठ्या हॉटेलांत इंग्रजीनें निभावतें. पण गल्लींतील खाणावळ किंवा खेड्यांतील औषधाचें दुकान गांठलें कीं तें पुष्कळदां मुकें होतें. पंधरा दिवसांच्या प्रवासासाठीं संपूर्ण भाषा शिकणें अशक्य. चार शब्द शिकणें मात्र सहज शक्य आहे. ते कोणते, आणि कसे वापरावे, एवढाच प्रश्न उरतो.

मराठी माणसाला जपानी भाषा वाटते तितकी परकी नाहीं. लिपी अवघड खरी. पण तिच्या अक्षरमालेचा क्रम पाहावा : अ, इ, उ, ए, ओ. आणि पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत वर्णमालेचें जें अध्ययन केलें, त्याचा हा ठसा आहे. वाक्यरचनाही ओळखीची. क्रियापद शेवटीं येतें, आणि प्रश्न विचारतांना वाक्याच्या अखेरीस चक्क 'का' येतो. 'एकि वा दोको देस का' म्हणजे 'स्टेशन कोठें आहे?' हा 'का' मराठी 'का'शीं जुळणें हा केवळ योगायोग. पण स्मरणास तो मोठा उपकारक आहे.

पहिला शब्द शिकावा तो 'सुमिमासेन'. वाट मागतांना, वाढप्यास हांक मारतांना, धक्का लागला असतां, इतकेंच नव्हे तर कोणी उपकार केला असतांही हा एकच शब्द चालतो. त्याच्या जोडीला आभाराचा 'आरिगातो गोझाइमास' असावा. खाणावळींतून उठतांना 'गोचिसोसामा' म्हणावें. 'अन्नदाता सुखी भव' या मराठी उद्गाराचा तो जवळचा आप्त आहे.

शब्द बोलतां आले तरी काम अर्धेंच झालें. उत्तरही उमगलें पाहिजे. 'हाइ' म्हणजे 'होय' असें पुस्तकांत असतें. पण बोलणें चालूं असतां समोरचा वारंवार 'हाइ, हाइ' म्हणूं लागला, तर तो मराठींतील हुंकार समजावा; संमति नव्हे. उलट 'चोत्तो' म्हणजे 'जरा'. एवढेंच म्हणून कोणी वाक्य अर्धवट सोडलें, तर बहुधा तो नकार असतो. मराठी घरांतही 'बघूं' या शब्दाचा अर्थ पुष्कळदां असाच होतो!

उच्चारांत कसूर झाली तर अर्थ पालटतो. 'युकि' म्हणजे बर्फ, आणि 'यूकि' म्हणजे धैर्य. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद येथें शोभेचा नाहीं. याहून बिकट जोडी आहे ती 'ब्योइन' आणि 'बियोइन' यांची. पहिला शब्द रुग्णालयाचा, दुसरा केशभूषेच्या दुकानाचा. 'ब्यो' हें जोडाक्षर फुटून 'बियो' झालें, तर तापानें फणफणलेला प्रवासी न्हाव्याच्या दारीं जावयाचा. म्हणून हा शब्द घरीं दहा वेळां घोकावा, आणि त्यासोबत रुग्णवाहिकेचा ११९ व पोलिसांचा ११० हे क्रमांकही ध्यानांत ठेवावे.

शाकाहारी कुटुंबाला तर शब्दांची गरज रोजच्या ताटापाशीं पडते. 'निकु' म्हणजे मांस आणि 'साकाना' म्हणजे मासा. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे 'मांस व मासे खात नाहीं', एवढें सांगूनही भागत नाहीं. कारण वरकरणीं निव्वळ भाज्यांचें दिसणारें सूप बहुधा 'दाशि' नांवाच्या पाण्यांत शिजतें, आणि ती दाशि पुष्कळदां 'कात्सुओ' या माशाच्या वाळवलेल्या कपट्यांची असते. वाढणाऱ्याच्या मनांत कपट नसतें. पाण्याला मासा म्हणावयाचें त्याला सुचतच नाहीं. तेव्हां 'साकाना नो दाशि देस का' असें स्पष्ट विचारावें. येथला 'नो' मराठी 'चा'चें काम करतो : माशाची दाशि आहे का? 'कोम्बु' या समुद्रवनस्पतीचीही दाशि होते. तेवढीच असेल तर शाकाहाऱ्यास हरकत नाहीं.

खिशांतील मोबाइल आतां क्षणांत भाषांतर करून देतो, हें खरें. लांबलचक मजकुरासाठीं त्याचा उपयोग अवश्य करावा. पण आभार मानतांना यंत्र पुढें करून स्वतः गप्प उभें राहणें बरें दिसत नाहीं. मोडकातोडका कां होईना, पाहुण्यानें आपल्या भाषेंतला शब्द उच्चारला, तर यजमानाला तो आपल्या घरचा मान वाटतो. आणि मग उरलेलें काम हातवारे व कागद-पेन्सिल मिळून बहुधा पार पाडतात.